मागच्या रांगेतली मुलगी काय सांगणार होती?

गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या छोट्या सभागृहात माझ्यासोबत ‘इंग्रिड गोज वेस्ट’ हा सिनेमा पाहिलेल्या सर्व नाशिककर प्रेक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. फार तर चहाच्या टेबलापाशी एकमेकांना वाट करून दिली असेल. माझा नाशिकरोडला फोटो स्टुडिओ आहे, २७ वर्षं लग्नांचे फोटो काढतो. चारचौघांत बोलायची सवय नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही. महिना झाला, ते मनातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो.

सिनेमा संपला, दिवे लागले, चर्चेचा माईक फिरायला लागला. पहिली पंधरा-वीस मिनिटं पुढच्या दोन रांगांतलेच लोक बोलत होते. मग शेवटून दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असेल. पाठीवरची सॅकसुद्धा तिनं काढली नव्हती. ती म्हणाली, “मला ना, ती इंग्रिड कळली. म्हणजे मी पण कधी कधी…” तेवढ्यात मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “बाप रे, हिच्यापासून लांब बसा!” आणि सगळं सभागृह खो खो हसलं. तीही हसली. शेजारणीच्या हातात माईक दिला आणि खाली बसली.

‘कधी कधी’च्या पुढे तिला काय सांगायचं होतं, ते आपल्यातल्या एकालाही कळलं नाही. मी तिच्यापासून काही रांगा पुढे होतो. मीही हसलो होतो.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी सिनेमाबद्दल थोडं सांगतो. २०१७ सालचा अमेरिकन सिनेमा, दिग्दर्शक मॅट स्पायसर, इंग्रिडच्या भूमिकेत ऑब्री प्लाझा. सनडान्स महोत्सवात त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळालं. आजारी आईची सेवा केलेली, आई गेल्यावर एकटी उरलेली ही इंग्रिड इन्स्टाग्रामवरच्या टेलर नावाच्या बाईच्या फोटोखाली कमेंट करते. टेलर तिला उत्तर देते. अगदी एवढंसं. त्या एवढ्याशा उत्तराच्या भरवशावर इंग्रिड आईच्या मागे मिळालेले पैसे घेऊन लॉस एंजेलिस गाठते, टेलरचा कुत्रा पळवते, तोच ‘सापडला’ म्हणून परत करते आणि मैत्री जोडते. सगळं विनोदी अंगानं. ब्लॅक कॉमेडी म्हणतात ती. हसू येतं आणि गिळताना घशात अडकतं.

सिनेमाची सुरुवात होते लग्नानं. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो मोबाईलवर बघून रडणारी इंग्रिड सरळ त्याच लग्नात घुसते आणि मला का बोलावलं नाहीस म्हणून नवरीच्या तोंडावर मिरचीचा फवारा मारते. नंतर कळतं, नवरी तिची मैत्रीण नव्हतीच. तिनं इंग्रिडच्या पोस्टवर कधीतरी एक कमेंट केली होती, एवढंच काय ते नातं. तिथं आपण सगळ्यात मोठ्यानं हसलो.

त्या हसण्यातच मला एक लग्न आठवलं. मागच्या उन्हाळ्यातलं, छत्रपती संभाजीनगर रोडवरच्या एका लॉन्सवरचं. नवरी इन्स्टावर साड्यांचे आणि मेकअपचे व्हिडिओ टाकणारी, हजारांनी फॉलोअर्स. रिसेप्शनच्या रांगेत एक मुलगी एकटीच उभी होती. जांभळी पैठणी, बहुतेक आईची असावी, कारण ब्लाउज खांद्यावर सैल होता. हातात गुलाबी कागदात गुंडाळलेलं प्रेझेंट. स्टेजवर चढली, नवरीचा हात धरला आणि म्हणाली, “ताई, मी ती. परीक्षेच्या वेळी तुम्ही मला रिप्लाय दिला होता ना?” नवरीला काही आठवेना. पण नवरी गोड होती, “हो हो, थँक यू हं आल्याबद्दल,” म्हणाली आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळली. मी फोटो काढला. त्या फोटोत नवरी कॅमेऱ्याकडे बघते आहे आणि ती मुलगी नवरीकडे.

खाली उतरल्यावर तिनं फोटो कधी मिळेल विचारलं, माझा नंबर घेतला. जेवून जा म्हटलं, तर म्हणाली सिन्नरची बस चुकेल. पुढच्या आठवड्यात तिचे तीन फोन आले. आमच्या धंद्यात आधी घरच्यांचं अल्बम सिलेक्शन होतं, मग बाकीच्यांना फोटो. तेच मी तिला तिन्ही वेळा सांगितलं. सिलेक्शनला नवरीची आई आणि मावशी आल्या. तो फोटो स्क्रीनवर आला तेव्हा मावशी म्हणाल्या, “ही कोण गं?” कुणालाच सांगता येईना. “मग काढा हा.” मी काढला.

त्यांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. अल्बम त्यांचा, माणसं त्यांची. पण मी त्या मुलीला शेवटी फोटो पाठवला तेव्हा तिनं विचारलं, “काका, अल्बममध्ये पण हाच आहे ना?”

मी ‘हो’ म्हणालो.

चर्चेत आपल्यातले एक काका म्हणाले, हे सगळं अमेरिकेत, आपल्याकडे घरं भरलेली असतात, एकटेपणा नावाची चीज आपल्याला माहीत नाही. काका, मी तेव्हाच उठून तुम्हाला ही सिन्नरची मुलगी सांगायला हवी होती. तिच्या हातात फवारा नव्हता, प्रेझेंट होतं. तिच्या घरी कदाचित आठ माणसं असतील, मला माहीत नाही. पण उन्हातान्हात बस बदलून, उसनी पैठणी सांभाळत ती एका रिप्लायसाठी आली होती आणि उपाशी परत गेली. हे नाशिकमध्ये झालं, माझ्या डोळ्यांदेखत झालं.

एका बाईंनी प्रामाणिकपणे विचारलं होतं की, एका उत्तरानं माणूस एवढा कसा वाहवत जातो? त्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, तो हवेत राहिला. मला जेवढं कळतं तेवढं सांगतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे जुने प्रयोग आहेत. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर प्राणी लवकर नाद सोडतो. पण दाणा कधी मिळेल याचा नेमच नसेल, तर तो दाबतच राहतो. फोनवरचं लाल टिंब हेच करतं. नव्याण्णव कमेंट कोरड्या जातात आणि शंभराव्याला हृदय येतं. वर पान कधी संपत नाही, बोट खाली सरकवत राहायचं. ही न संपणाऱ्या पानाची युक्ती ज्यानं काढली, त्या एझा रास्किननं पुढे स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. म्हणजे यात मुलगी बावळट आहे असं काही नाही. सापळा चांगला बांधलेला आहे.

आणि सापळ्यात चमचमणारा जो तुकडा ठेवतात, तो माझ्यासारख्यांच्या हातून तयार होतो. हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे.

सिनेमात एक प्रसंग आहे. टेलर एका अनोळखी माणसाला फोटो काढायला सांगते आणि हवा तो अँगल मिळावा म्हणून त्याला जमिनीवर आडवं व्हायला लावते. सगळे हसले. माझ्या डोळ्यांपुढे गंगापूर धरणाचं बॅकवॉटर आलं. प्री-वेडिंगला आम्ही पहाटे साडेपाचला तिथं पोचतो. जोडपं कधीकधी गाडीतच भांडून आलेलं असतं. कुणाच्या आईनं काय म्हटलं, हॉलचे पैसे कुणी द्यायचे, असं काही तरी. नवरीचे डोळे सुजलेले. मी म्हणतो, “एकदा सहज हसा, कॅमेरा नाहीच असं समजा.” तीस-चाळीस वेळा तेच. त्यातला एक फोटो लागतो. मग डोळ्यांखालची सूज काढायची, त्वचा मऊ करायची, आभाळ थोडं गुलाबी करायचं. आणि त्या फोटोला आम्ही नाव देतो ‘कॅन्डिड’, म्हणजे नकळत टिपलेला. त्यात भांडण येत नाही. मी येऊ देत नाही, त्याचेच मला पैसे मिळतात. रात्री अकराला ओझरच्या, निफाडच्या, सिन्नरच्या एखाद्या घरात कुणीतरी पांघरुणात तो फोटो बघतं आणि त्याला वाटतं, सगळ्या जगाचं चांगलं चाललंय, माझंच तेवढं राहिलं.

सिनेमात टेलर दाखवते तशी नाही, हे तिचा नवराच इंग्रिडजवळ कबूल करतो. तरी आपल्या चर्चेत ‘वेडी’ हा शब्द इंग्रिडसाठीच वापरला गेला. मी मोजत नव्हतो, पण पुन्हा पुन्हा कानावर येत होता. वेडी, सायको, चिकट, डोक्यावर पडलेली. टेलरला एकदाही कुणी काही म्हणालं नाही. उलट एक ताई म्हणाल्या, बिचारीच्या मागे कसली ब्याद लागली. इंग्रिडनं केलं ते चुकीचंच. कुत्रा पळवणं चुकीचं, पाळत ठेवणं त्याहून चुकीचं. अशा माणसाची धास्ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हा सिनेमा बघताना हसू येणार नाही, हेही मला मान्य. पण मागणारी वेडी आणि विकणारी शहाणी, ही वाटणी आपण किती पटकन करून टाकली!

शेवटावरून आपल्यात सगळ्यात जास्त वाजलं. तो शेवट सांगावाच लागेल. सगळं उघडं पडतं, सगळे दोर तुटतात, तेव्हा इंग्रिड कॅमेऱ्यासमोर बसून पहिल्यांदा खरं बोलते, आपण किती एकट्या आहोत ते सांगते, आणि जीव द्यायचा प्रयत्न करते. ती वाचते. हॉस्पिटलमध्ये डोळे उघडते तर आजूबाजूला फुगे आणि फुलं. जवळ डॅन आहे, तिचा घरमालक, बॅटमॅनचा वेडा, पूर्ण सिनेमात तिच्याकडे धडपणे बघणारा एकटाच. तो सांगतो, तुझा व्हिडिओ सगळीकडे पसरला, अनोळखी लोक तुझ्या नावानं हॅशटॅग चालवतायत. ती फोन हातात घेते, बघते आणि हसते. संपलं.

काही जण म्हणाले, छान झालं, शेवटी लोकांनी तिला आपलंसं केलं. काही म्हणाले, काही शिकली नाही, परत तिथंच. मी माणसांच्या हसण्यावर पोट भरतो. खोटं हसू मला लांबून ओळखू येतं, तोंड हसतं आणि डोळे मागे राहतात. इंग्रिडचं ते हसू खरं होतं, निदान मला तरी तसं दिसलं. म्हणूनच मला ते बघवलं नाही. डॅन तिथंच होता, हात लांबवला असता तर हाताला लागला असता. पण तिची नजर गेली ती हातातल्या हजारो अनोळखी नावांकडे.

घरी येताना द्वारकेच्या सिग्नलला थांबलो होतो, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंग्रिड खरं बोलली ते कॅमेऱ्यासमोर, कारण समोर ऐकायला माणूसच नव्हतं. आणि आपल्या सभागृहात तर माणसं होती. साठ-सत्तर. कॅमेरा नव्हता, फिल्टर नव्हता, एक मुलगी पाठीवर सॅक घेऊन उभी राहिली आणि खरं बोलायला लागली. आपण तिला अर्ध्या वाक्यात खाली बसवलं. उद्या हीच मुलगी हेच वाक्य रात्री खोलीचं दार लावून मोबाईलसमोर बोलली, तर आपणच खाली लाल हृदयं टाकू. ‘स्ट्राँग राहा बेटा, आम्ही सोबत आहोत’ असं लिहू. मग ती पुढच्या वेळी कुठे बोलेल? तुम्हीच सांगा.

शेवटी एका गृहस्थांनी माईक घेतला आणि म्हणाले, यावर एकच उपाय, पोरींच्या हातात मोबाईल द्यायचाच नाही. बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. दादा, तुमच्या पोटात काळजी आहे हे मला दिसत होतं. मलाही मुलगी आहे. पण ‘पोरींच्या’ का? पावसाळ्यातल्या रविवारी हरिहर किल्ल्याच्या कातळातल्या पायऱ्यांवर जी गर्दी अडकते, तिच्यात एका हातानं खोबणी धरून दुसऱ्या हातानं व्हिडिओ काढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. पहिन्याच्या धबधब्यापाशी पाहिली असतील. त्यांना आपण ‘हिंमतवाले’ म्हणतो आणि मुलीला ‘वेडी’. शिवाय मोबाईल काढून घेतला म्हणजे मुलीची गरज काढून घेतली, असं होत नाही. ती गरज फक्त आपल्यापासून लपते. त्या टाळ्या वाजत असताना मी मागे वळून त्या मुलीकडे बघितलं. ती सॅकच्या पट्ट्याशी खेळत होती. चहाला ती थांबली नाही.

इथंच एक नंबर लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, १४४१६. २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. माझ्या काउंटरच्या काचेखाली मी तो चिकटवला आहे. पासपोर्ट फोटोला आलेली मुलं वाचतात, काही जण मोबाईलमध्ये सेव्ह करताना दिसतात. चर्चेत कुणीतरी ‘तिला उपचारांची गरज आहे’ म्हणालं होतं, तेही हसतच. गरज असेलही. मग तो पत्ता नीट, न हसता सांगायला हवा.

हे सगळं मी तुम्हाला हक्कानं लिहितो आहे, कारण आपलं गाव सिनेमा बघणाऱ्यांचं आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांचा शेवटही नाशिकला झाला, १९४४ साली. मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट बघत असताना आपल्या मनासमोर श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिलं आहे. म्हणजे आपल्या सिनेमाची सुरुवातच एका प्रेक्षकाला खुर्चीत बसून काय वाटलं, तिथून झाली. तेव्हा ते ऐकणाऱ्याला वेडच वाटलं असेल. पण घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी ते ऐकून घेतलं, त्या पाठीशी राहिल्या, दागिनेही दिले. थेटरात बसलेल्या माणसाच्या मनात काय उठतंय, याची किंमत नाशिकनं तरी ओळखायला हवी.

पुढचा सिनेमा येत्या दुसऱ्या रविवारी आहे. आयोजकांना माझी विनंती आहे की या वेळी माईक शेवटच्या रांगेपासून सुरू करा. आम्ही पुढे बसणारे, पन्नाशीचे, सगळं माहीत असणारे, शेवटी बोलू. वेळ उरला नाही तर घरी जाऊन बोलू. कुणी बोलत असताना मध्येच शेरा मारला, तर ज्याच्या शेजारी तो बसला असेल त्यानं हळूच हातावर हात ठेवावा. ज्यांनी तो शेरा मारला त्यांच्यावर माझा राग नाही. तुम्ही नसतात मारला तर आणखी कुणी मारला असता, कारण हसायला आम्ही सगळे तयारच बसलो होतो.

आणि बेटा, हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं, तर परत ये. तुझं वाक्य अर्धं राहिलं आहे. सभागृहात बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, पण ये. तुझ्या ओळखीच्या कुणी हे वाचलं तर तिला एवढा निरोप द्यावा. तिचं नाव मात्र कुणी शोधू नये, आणि सापडलं तर कुठे लिहू नये.

सिन्नरच्या त्या मुलीला मी परवा फोन केला. तिचा नंबर माझ्याकडे ‘पैठणी फोटो’ या नावानं होता. नाव मी तेव्हा विचारलंच नव्हतं. आधी नाव विचारलं. मग अल्बमचं खरं काय ते सांगून टाकलं. ती थोडा वेळ गप्प होती. मला वाटलं फोन ठेवला. मग म्हणाली, “काका, मला वाटलंच होतं.” आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास बोलत राहिली. काय बोलली ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली होती, त्यांना हातानंच ‘उद्या या’ म्हणून खुणावलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसून ऐकत राहिलो.

आपला,
नाशिकरोडचा एक फोटोग्राफर